सुगंधाबाईंचा गळा

कार्तिक लागला की गोंदियाच्या हवेला दोन वास येतात. एक गावाबाहेरून येतो, कापून बांध्यांमध्ये पसरून ठेवलेल्या धानाचा. ओलसर, किंचित गोड. दुसरा गावातल्या राईस मिलमधून येतो, उकडलेल्या धानाचा आणि जळत्या तुसाचा. रेल्वेच्या फाटकापाशी हे दोन्ही वास एकमेकांत मिसळतात. माझं घर फाटकाच्या अलीकडे आणि मुलींची शाळा पलीकडे. त्यामुळे वर्षभर मी दिवसातून दोनदा ते फाटक ओलांडते आणि माझ्या लक्षातही येत नाही. या दोन-तीन आठवड्यांत मात्र तिथे पाय जड होतात. गाडी जाऊन फाटक उघडलं तरी मी उभीच राहते, आणि मागचा बैलगाडीवाला म्हणतो, "बाई, बाजू व्हा ना जी."

लढाई संपून वर्ष झालं. रेशनच्या रांगा अजून तशाच आहेत, स्वराज्य येणार असं जो तो म्हणतो आहे. वर्गातल्या मुलींना पूर्वीच्या नाटक कंपन्या ठाऊकही नाहीत. त्यांना तंबूतला सिनेमा ठाऊक आहे. सुगंधाबाईंचं नाव परवा मी सहज एका मुलीपाशी काढलं. ती म्हणाली, "कोण जी?" लढाईच्या आधी पाच-सहा वर्षं हे नाव गावात कोणाला विचारावं लागत नव्हतं.

ज्या घरी फोनोग्राफ होता त्या घरी सुगंधाबाईंची तबकडी होती. आमच्याकडे फोनोग्राफ नव्हता, पण शेजारच्या बिडीवाल्या सेठकडे होता आणि आमची भिंत एकच होती. माझी धाकटी बहीण शकू त्या भिंतीला खाट लावून पडलेली असे. तिला क्षय झाला होता. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच सासरच्यांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं होतं, आणि पुन्हा चौकशी केली नव्हती. मी विधवा, शाळेत मास्तरीण. घरात आम्ही दोघीच. संध्याकाळी पलीकडे तबकडी लागली की शकू बोटाने मला गप्प राहायला सांगायची. सगळ्यांना तबकडीची पहिली बाजू आवडायची. शकूला मागची आवडायची. त्यात एक संथ पद होतं, अंगाईसारखं. सेठच्या घरी ते फार कमी लावत. लावलं की दुसऱ्या दिवशी शकू मला सांगायची, "ताई, काल मागची बाजू लागली होती." जशी एखादी पाहुणी येऊन गेली.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा असते ती. लवकर पिकणारा हलका धान घरात आलेला असतो, उशिरा पिकणारा भारी धान बहुतेक अजून उभा असतो, मधल्या त्या सवडीत माणसं नवे कपडे घालून एकमेकांच्या गावी जातात, खेळ-तमाशे बघतात. त्याच दिवसांचा हिशेब धरून एका वर्षी किसनलालजींनी सुगंधाबाईंची कंपनी गोंदियाला बोलावली होती. किसनलालजी धानाचे व्यापारी. नाटकाचा ठेका त्यांनी हौसेने घेतला होता, आणि ते आमच्या शाळेच्या कमिटीवर होते. एक दिवस ते शाळेत आले आणि म्हणाले, "मास्टरनी बाई, सुगंधाबाई सबेरे की गाड़ी से आ रही हैं. दिवसभर गावात फिरवायचं आहे. जाहिरात करनी पड़ेगी, नहीं तो सब सिनेमा को जाएँगे. त्यांच्यासोबत कोणी शिकलेली बाई पाहिजे. आप रहो."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. घरी जाऊन शकूला सांगितलं तेव्हा ती उठून बसली. तिला उठून बसलेलं मी महिनाभरात पाहिलं नव्हतं.

स्टेशनवर बँडवाले होते, झेंडूच्या माळा लावलेली उघडी मोटार होती, मोटारीच्या दोन्ही अंगांना रंगीत कागदावर छापलेला बाईंचा चेहरा डकवला होता. डब्यातून उतरल्या त्या बाई त्या चेहऱ्यासारख्या मुळीच दिसत नव्हत्या. बुटक्या, काटकुळ्या, चाळिशीच्या आसपासच्या. ऊन वर आलेलं असताना गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळलेला. गर्दी त्यांच्या मागच्या तरुण नटीकडे बघत होती. किसनलालजींनी हार घातला तेव्हा लोकांना कळलं आणि मग एकच गलका झाला.

मोटारीत माझ्या शेजारी बसताच त्या माझ्या कानाशी वाकल्या. आवाज अगदी दबका होता.

"तुझं काम काय सांगितलं आहे तुला?"

"तुमच्यासोबत राहायचं."

"ते नव्हे. मी सांगते ते ऐक. लोक जागोजागी म्हणतील, एक ओळ गा. मी नाही म्हटलं तर म्हणतील, बाई माजली. तू नाही म्हण. मी हसत राहीन. पुण्याच्या डॉक्टरने गळ्यात आरसा घालून पाहिलं, तिथे सूज आहे. दिवसा बोलायचंसुद्धा नाही म्हणाला. संध्याकाळचं नाटक तेवढं निभेल, पण दिवसभर गायले तर संध्याकाळी उभी राहू शकणार नाही. कंपनीत हे मालकांनाच माहीत आहे. किसनलालजींना सांगू नकोस."

मी मान हलवली. त्यांनी कनवटीच्या पुडीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून दाढेखाली धरली आणि लोकांकडे बघून हसायला सुरुवात केली. ते हसू मी दिवसभर पाहत होते. ते थकत नव्हतं. डोळे थकत होते.

बाजारातून मोटार मुंगीच्या पावलाने चालली. पुढे बँड, मागे भोंग्यातून ओरडणारा माणूस, गुलाबी-पिवळ्या हँडबिलांचा पाऊस. घड्याळवाल्याच्या दुकानात फोनोग्राफही विकायला असत. त्याने मोटार थांबवली, बाईंचीच तबकडी लावली आणि म्हणाला, "अब बाईजी खुद साथ में गाएँगी." लोक पुढे सरकले. मी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी.

"बाईंचं गाणं नाटकात ऐकायचं," मी म्हटलं. "आत्ता तबकडीच ऐका."

माझ्या आवाजाला मुली घाबरतात हे मला माहीत होतं. मोठी माणसंही जराशी मागे सरकतात, हे त्या दिवशी कळलं. मोटार पुढे गेली तेव्हा सुगंधाबाईंनी माझा हात दाबला.

मग माझी शाळा. मग एका राईस मिलच्या मालकांचं घर, तिथे मालकांच्या आई म्हणाल्या, देवापुढे एक भजन तरी म्हणा, देवाला काय नाही म्हणायचं. मी म्हटलं, "आजी, बाईंचा नेम आहे, खेळाआधी गात नाहीत." हा नेम मी जागेवरच केला होता. मोटारीत बसल्यावर बाई पदर तोंडाशी धरून हसल्या. हे हसू खरं होतं. दबक्या आवाजात म्हणाल्या, "चांगली थापा मारतेस की. नाटकात का नाही आलीस?"

दुपारी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या मंडईला गेलो. मोटार चालवणारा सोमा तिकडचाच होता. दोन्ही बाजूंना धान कापणाऱ्या बायांच्या रांगा दिसत होत्या. मोटारीचा आवाज ऐकून त्या विळे हातात धरून उभ्या राहत, आणि बाई त्यांना हात हलवून दाखवत. मध्येच त्यांनी सोमाला थांबायला सांगितलं. खाली उतरून बांधावर गेल्या, एक लोंबी तोडली, दातांनी दाणा सोलून खाल्ला. "माझ्या गावाकडे ज्वारी," म्हणाल्या. "धानाचा दाणा असा कोवळा असतो हे ठाऊक नव्हतं." पाच मिनिटं त्या तिथे उन्हात उभ्या राहिल्या. कुणी त्यांच्याकडे काही मागत नव्हतं. मला वाटतं, अख्ख्या दिवसातली तेवढीच पाच मिनिटं त्यांची होती.

मंडईत मोटारीला गराडा पडला. एक म्हातारी बाई थेट पायरीवर चढली.

"वो बाई, पाटलाच्या वाड्यात रेकाट वाजते ते तूच का वो?"

सुगंधाबाईंनी मान हलवली.

"मंग एक कडवं म्हन ना. आमी कोसभर पायी येऊन राहिलो."

"आजी, गोंदियाला नाटकाला या," मी म्हटलं. "तिथे गाणार आहेत."

"तेथं कोन येईल जी? सकारी धान कापाले जावं लागते." तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंकडे बघत म्हणाली, "काऊन नाही म्हनत वो? आमी गरीब हावो म्हनून का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मला कळलं की आता त्या गातील. मी पटकन सोमाला म्हटलं, "चल." मोटार हलली, म्हातारी पायरीवरून उतरली, आणि मागे कोणीतरी "बाई माजली" म्हटलेलं ऐकू आलं. आम्ही परतीला लागलो. मग सुगंधाबाई म्हणाल्या, "तू बरोबर केलंस." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ती म्हातारी आता मरेपर्यंत हेच सांगेल, आपण गरीब म्हणून बाई गायली नाही." मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

गोंदिया जवळ आलं तेव्हा चार वाजले होते. नाटकाआधी त्यांना धर्मशाळेत नेऊन विश्रांती द्यायची असं ठरलं होतं. वाटेत त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी शकूचं सांगितलं. सगळं सांगितलं, आजार, सासर, भिंत, तबकडीची मागची बाजू. मी मुद्दाम सांगितलं की सहज, हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारते आहे. दिवसभर मी इतक्या लोकांना नाही म्हटलं होतं, की माझ्या मनात काही मागायचं आहे हे मलाच उमगलं नसावं. किंवा उमगलं असेल.

"मागची बाजू?" त्या म्हणाल्या. "ती कोणी ऐकत नाही." मग म्हणाल्या, "घर वाटेत आहे का? बघून तरी जाऊ तिला."

सोमा गल्लीच्या तोंडाशी मोटारीपाशीच थांबला. क्षयाच्या घरात शेजारपाजारचे येत नसत. सुगंधाबाई आत आल्या, आणि मी स्टूल पुढे करायच्या आत खाटेवरच बसल्या. शकूने त्यांना ओळखलं नाही. मी सांगितल्यावर ती घाईघाईने पदर सारखा करू लागली आणि तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याखेरीज तिला इतक्या दिवसांत कोणी हात लावला नव्हता.

शकू गा म्हणाली नाही. ती फक्त बघत होती.

सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर जसं पाहत होत्या तसंच. तो आमचा ठरलेला इशारा झाला होता. त्या बघत आणि मी नाही म्हणत असे. मला एवढंच म्हणायचं होतं, की शकू, बाईंचा गळा बरा नाही. शकूला ते समजलं असतं, ती तशी समंजस होती.

मी गप्प बसले.

त्यांनी गळ्याचा पट्टा सोडला. पूर्ण पद म्हटलं, तिन्ही कडवी. तबकडीवर दोनच होती. तिसरं कडवं आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. आवाज लहान ठेवला होता, पण शेवटच्या कडव्यात एक जागा वर जायची होती, ती त्यांनी टाळली नाही. भिंतीपलीकडे सेठच्या घरी भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. गाणं संपलं तेव्हा शकूचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा असा होता की मी तिच्या नाकाशी हात धरून पाहिला. ती झोपली होती. कित्येक महिन्यांनंतर खोकल्याविना झोपली होती.

बाहेर पडताना सुगंधाबाईंनी पट्टा पुन्हा गुंडाळला. सोमा त्यांना धर्मशाळेकडे घेऊन गेला. नाटकाचा पास माझ्या हातात होता, पण मी गेले नाही. शकूपाशी बसून राहिले.

सकाळी सोमा दारात आला. "बाई, काल सारा खेळ बिघडला ना जी," म्हणाला. "दुसऱ्याच गाण्यात बाईचा आवाज फाटला. लोकाईनं लय कल्ला केला. शिट्ट्या मारल्या. पडदा पाडावा लागला. किसनलाल शेठ बलावून राहिले तुमाले."

धर्मशाळेच्या ओसरीवर किसनलालजी, कंपनीचे मालक आणि सुगंधाबाई बसले होते. बाईंच्या हातात गरम पाण्याचा पेला होता. किसनलालजी रागावलेले नव्हते, ते घाबरलेले दिसत होते. त्यांनी सरळ विचारलं, "मास्टरनी बाई, सच बताओ. कल दिन में कहीं गाया इन्होंने? किसी ने ज़बरदस्ती की?"

मालक माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कुठे. किसनलालजींनी मला ज्या कामावर नेमलं होतं ते सोडून मी बाईंना माझ्या घरी, क्षयाच्या माणसापाशी नेलं, असा त्याचा अर्थ झाला असता. माझी नोकरी गेली असती, तर शकूला घेऊन मी कुठे जाणार होते? हे सगळं आता लिहिताना ओळीने येतं. तेव्हा एका श्वासात आलं.

"नाही," मी म्हटलं. "दिवसभर कुठेच गायल्या नाहीत. सोमाला विचारा."

सोमा म्हणाला, "नाही जी. कोठंच नाही." त्याच्या समजुतीने ते खरंच होतं.

किसनलालजी मालकांकडे वळले. "म्हणजे गळाच गेला आहे," म्हणाले.

मी सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि मान हलवली. माझ्याच बाजूने. त्यांना बोलता येत नव्हतं.

शकू त्या कार्तिकातच गेली. भारी धानाची पुंजणी, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी, खळ्यावर लागत होती. तोवर बारा-तेरा दिवस ती त्या गाण्याविषयी बोलत होती. तिसरं कडवं तिला पाठ झालं नव्हतं, ती मला विचारायची आणि मलाही आठवत नसे. मी दोघींच्या वाट्याचं सुख मोजते तेव्हा हे बारा-तेरा दिवस एका पारड्यात टाकते. दुसरं पारडं वर येत नाही.

सुगंधाबाईंचं नाव पुढे दोनेक वर्षं कानांवर येत राहिलं, तेही घसरत. आधी मुख्य भूमिका गेली. मग कंपनी. मग काहीच नाही. मी कंपनीच्या मालकांना पत्र लिहायला तीनदा बसले. दरवेळी पहिली ओळ लिहून कागद चुलीत घातला.

गेल्या उन्हाळ्यात पेपर तपासायला नागपूरला गेले असताना कळलं की त्या तिथेच महाल भागात, भाच्याच्या घरी असतात. मी गेले. दार त्यांनीच उघडलं. मला ओळखलं. आवाज पुरुषासारखा खरखरीत झाला होता, प्रत्येक वाक्याला धाप लागत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की मी खोटं बोलले, की तुम्ही माझ्या घरी गायलात म्हणून गळा बसला, आणि ते मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.

त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा केला. मग म्हणाल्या, "गायले ते मी माझ्या मर्जीने. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. पण दुसरं जे केलंस त्याचा राग मला होता. दिवसा गायले म्हणून आवाज बसला असं कळलं असतं तर मालकांनी दोन-तीन महिने गप्प बसवलं असतं. तेवढ्याने सूज उतरत होती. पण दिवसभर न गाता फाटला म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, बाई संपली. मग संपायच्या आत जेवढी मिळेल तेवढी गाऊन घ्या. रोज उभी केली मला."

"तुम्ही मान का हलवलीत?"

"तुझी नोकरी होती. ती पोर होती." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मला वाटलं, मी गाडीत बसले की तू मालकांना पत्र लिहिशील. वर्षभर वाट पाहिली मी."

"मी लिहायला बसले होते."

"मग?"

शकू तर त्याच महिन्यात गेली होती. त्यानंतर भिण्यासारखं माझ्यापाशी काय उरलं होतं? तरी मी लिहिलं नाही. भीती नव्हती तेव्हाही लाज होतीच, आणि लाजेची मला हळूहळू सवय झाली. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या. राग होता म्हणाल्या, राग आहे असं म्हणाल्या नाहीत. पण पुन्हा ये असंही म्हणाल्या नाहीत.

या कार्तिकात, चार दिवसांपूर्वी, मी किसनलालजींच्या आडतीवर गेले. ते आता फार थकले आहेत, काम मुलगे बघतात. नव्या धानाची पोती रचली जात होती, धुरळ्याने हवा पिवळी झाली होती. मी त्यांना सुगंधाबाईंची आठवण दिली. त्यांना आठवत होतं. व्यापारी माणसं असं काही विसरत नाहीत.

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, बाई दिवसा कुठे गायल्या का," मी म्हटलं. "गायल्या होत्या. माझ्या घरी. माझ्या आजारी बहिणीसाठी."

त्यांनी हमालाला हाताने थांबवलं.

"अच्छा गाया था?" त्यांनी विचारलं.

"हो. फार चांगलं."

ते खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे पाहत म्हणाले, "रायपूर, भंडारा, बालाघाट, जिथे जिथे ठेकेदार भेटले, सबको मैंने कहा, बाई का गला गया, मत बुलाना. तो मैंने सबसे झूठ बोला."

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी."